बँडच्या चाली, एबीसी आणि हायकू: एका जुन्या लॅपटॉपवरच्या संचाचा रिव्ह्यू

आमच्या बँडपार्टीत एकच चाल तीन पट्ट्यांत लिहावी लागते. क्लॅरिनेट आणि कॉर्नेट ही काळी पाचची वाद्यं. कागदावरचा ‘सी’ बघून फुंकलं की ऐकू येते ती पेटीची काळी पाच. अल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन. कीबोर्डवाल्याचं मात्र सरळ असतं, पांढरी एक ती पांढरी एकच. त्यामुळं लग्नसराईच्या तोंडावर नवीन चाल बसवायची म्हटली की मास्तर ती एकदा लिहिणार, मग कुणीतरी बसून ती दुसऱ्या पट्ट्यांत उतरवणार, आणि उतरवताना एखादा स्वर हमखास घसरणार. तो घसरलेला स्वर तालमीत सापडत नाही, वरातीत भर चौकात सापडतो.

हे उतरवण्याचं काम माझ्याकडं होतं. दिवसा मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनचे प्रोग्राम लिहितो, संध्याकाळी क्लॅरिनेट वाजवतो. जी-कोडच्या चार ओळी साध्या मजकुरात लिहिल्या की मशीन लोखंड कापतं, मग साध्या मजकुरात चाल लिहिल्यावर कागद का निघू नये? निघतो. त्याची साधनं केव्हापासूनची आहेत आणि फुकट आहेत. मी ती ज्या सिस्टिमवर बसवली ती मात्र कोल्हापुरात आणखी कुणाकडं असेल असं वाटत नाही. तर हा त्या सगळ्या संचाचा रिव्ह्यू: एबीसी नावाची लिहिण्याची पद्धत, ती कागदावर आणणारा एबीसीएमटूपीएस, वाजवून दाखवणारा एबीसीटूमिडी, पट्टी बदलणारा एबीसीटूएबीसी, आणि खाली हायकू ऑपरेटिंग सिस्टिम.

हायकू का, हे थोडक्यात सांगतो. १९९० मध्ये ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी बी नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही सिस्टिम आवाज आणि चित्राच्या कामासाठी नावाजली गेली. कंपनी टिकली नाही, २००१ मध्ये हातात मावणारे छोटे संगणक करणाऱ्या पामनं ती विकत घेतली. त्याच वर्षी काही जणांनी तीच सिस्टिम पुन्हा मोकळ्या परवान्यात लिहायला घेतली. आधी तिचं नाव ओपनबीओएस होतं, २००४ मध्ये हायकू झालं. पहिली बीटा आवृत्ती आली २०१८ मध्ये आणि पाचवी सप्टेंबर २०२४ मध्ये. घाई म्हणून नाही. पण माझ्याकडं पडून असलेल्या कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ही सिस्टिम अशी पळते की तो लॅपटॉप भंगारात द्यायला काढला होता हे घरच्यांना पटत नाही. तालमीच्या खोलीत नेट नाही, आणि इथं त्याची गरजही पडत नाही.

आता एबीसी. ही ख्रिस वॉलशॉ या ब्रिटिश गृहस्थांची कल्पना, लोकधुना पटकन टिपून ठेवण्यासाठी काढलेली. फाइलच्या डोक्यावर चार-पाच ओळी असतात. ‘एक्स’च्या ओळीत धुनेचा क्रमांक, ‘टी’च्या ओळीत नाव, ‘एम’मध्ये ताल, ‘एल’मध्ये एका अक्षराची लांबी, आणि शेवटी ‘के’मध्ये पट्टी. ‘के’ आली की डोकं संपलं, पुढं थेट स्वर. मोठी इंग्रजी अक्षरं मधल्या सप्तकाची, छोटी त्याच्या वरची. आणखी वर जायचं तर अक्षरामागं वरचा स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, खाली जायचं तर साधा स्वल्पविराम. कोमल करायचा तर अक्षराच्या आधी अंडरस्कोर, तीव्र करायचा तर टोपीची खूण. स्वर दुप्पट लांबवायचा तर मागं दोनाचा आकडा, अर्धा करायचा तर तिरकी रेघ. झालं. ज्याला पेटीवर सप्तक कळतं त्याला हे एका बैठकीत कळतं, हे मी आमच्या कॉर्नेटवाल्या पोराकडं बघून सांगतो. तो दहावीत आहे आणि आता माझ्यापेक्षा भरभर टाइप करतो.

ताल लिहायला अडचण नाही. केरवा चार चतुर्थांशात बसतो, दादरा सहा अष्टमांशात. झपतालासारखे विभाग दाखवायचे असतील तर ‘एम’च्या ओळीत कंसात दोन अधिक तीन अधिक दोन अधिक तीन असं लिहिता येतं. डिसेंबर २०११ च्या २.१ प्रमाणपद्धतीत त्याची सोय आहे. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र लिहिता येत नाही. दोन स्वरांवर कंस टाकून पट्टा काढता येतो, तो वाजवणाऱ्यानं समजून घ्यायचा. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात बसून मी असं म्हणणार नाही की या कागदावर गायकी उतरते. बँडची चाल उतरते. मला तेवढंच हवं होतं.

साधनं हायकूवर आणण्याचा भाग आता जरा सविस्तर सांगतो, कारण हौशी माणसाला खरी धास्ती तिथंच असते. एबीसीएमटूपीएस हा जाँ-फ्रान्स्वा मोआन यांचा प्रोग्राम. त्याच्या आधी मिशाएल मेथफेसेल यांचा एबीसीटूपीएस होता, त्यातूनच हा वाढला. सगळा साध्या सी भाषेत आहे, खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. एबीसीटूमिडी आणि एबीसीटूएबीसी हे एबीसीमिडी नावाच्या संचातले. तो जेम्स ऑलराइट यांनी सुरू केला आणि पुढं सीमोर श्लीन यांनी सांभाळला. त्या संचाच्या फोल्डरमध्ये डॉसच्या काळातल्या कंपायलरसाठीची मेकफाइलसुद्धा अजून आहे. (कंपायलर मूळ कोडमधून चालणारा प्रोग्राम बांधतो, आणि तो कसा बांधायचा हे मेकफाइल सांगते.) ज्यानं डॉस पाहिलंय ते हायकूवर अडणार नाही असा माझा कयास होता, आणि तो बरोबर निघाला. हायकू स्वतः पॉझिक्सचे, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी ठरलेले नियम पाळते, म्हणून लिनक्ससाठी लिहिलेले असे छोटे प्रोग्राम तिथं बहुतेक जसेच्या तसे उभे राहतात.

‘बहुतेक’ म्हणालो, कारण तीन जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा गणिताच्या लायब्ररीची. लिनक्सवर साइन-कोसाइनची फंक्शनं वेगळ्या लायब्ररीत असतात, म्हणून मेकफाइल शेवटी ‘वजा एलएम’ असं सांगते. हायकूत ती वेगळी नाही, सगळं लिबरूट नावाच्या एकाच मुख्य लायब्ररीत आहे. तेव्हा ते ‘एलएम’ काढून टाकायचं. एवढ्याशा शब्दासाठी नवखा माणूस रात्र काढतो.

दुसरी जागा इन्स्टॉल करण्याची. लिनक्सच्या सवयीनं सगळं ‘यूएसआर लोकल’मध्ये जाऊ पाहतं. हायकूत सगळ्यात वरचं रूट फोल्डर नुसतं मेमरीत असतं. तिथं काही बनवलंत तर मशीन बंद करून चालू केल्यावर ते गेलेलं असतं. आणि सिस्टिमचं फोल्डर पॅकेजांमधून तयार होतं, त्यात कुणाला हात घालता येत नाही. स्वतः बांधलेल्या गोष्टींसाठी घरच्या कॉन्फिगमध्ये ‘नॉन-पॅकेज्ड’ नावाची वेगळी जागा आहे. बांधतानाच ती दाखवायची.

तिसरी जागा थोडी आडून चावणारी आहे. एबीसीएमटूपीएसबरोबर छापण्याच्या मांडणीच्या काही फाइली येतात आणि त्या कुठं शोधायच्या तो पत्ता बांधतानाच प्रोग्रामच्या पोटात कोरला जातो. लिनक्सवर तो ‘शेअर’ फोल्डरचा असतो, हायकूवर त्या जागी ‘डेटा’ आहे. पत्ता चुकला तरी प्रोग्राम चालतो, कागदही निघतो, फक्त तुमची मांडणी लागू होत नाही. मग माणूस मांडणीच्या फाइलीतच दोष शोधत बसतो.

आणखी एक सूचना: जमलं तर ६४ बिटांचीच हायकू घ्या. ३२ बिटांच्या आवृत्तीत जुन्या बीओएसचे प्रोग्राम चालावेत म्हणून जीसीसी २.९५ हा पुराणपुरुष कंपायलर अजून ठेवलाय आणि नवा कंपायलर हवा असेल तर आधी सेटआर्क अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. त्या जुन्या कंपायलरला फंक्शनच्या मध्येच व्हेरिएबल जाहीर केलेलं चालत नाही. आजकालचं सी तसंच लिहिलेलं असतं. ६४ बिटांवर ही कटकट नाही.

हे सगळं एकदा हातानं जमलं की पुढची पायरी रेसिपीची. हायकूपोर्टर नावाचं एक साधन आहे. त्याला एका साध्या फाइलीत सांगायचं की मूळ कोड कुठून आणायचा, त्याचा चेकसम काय, परवाना कुठला, बांधायला काय लागतं, आणि कुठली आज्ञा तयार होणार. ते सगळं बांधून एक पॅकेज हातात देतं. या सिस्टिमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथंच आहे. ते पॅकेज ‘पॅकेजेस’ फोल्डरमध्ये टाकलं की प्रोग्राम लागला. फाइल बाहेर काढली की प्रोग्राम गेला, मागं कचरा नाही. नवीन पॅकेजमुळं काही बिघडलंच तर चालू होतानाच्या मेनूतून आधीची स्थिती निवडता येते. वर्कशॉपमध्ये मी ज्या महागड्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते काढायचं म्हटलं तर माणूस बोलवावा लागतो. नाव घेत नाही, कारण नोकरी तिथंच आहे.

कागदाकडं येतो. एबीसीएमटूपीएस पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतली फाइल काढतो, घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामनं तिचं पीडीएफ करायचं. छपाई सुंदर आहे. सुंदर म्हणजे सजावट नव्हे. स्वरांच्या शेंड्या सरळ येतात, मात्रांचं अंतर लांबीप्रमाणं पडतं, ओळीच्या शेवटी कोंबाकोंब होत नाही. पुठ्ठ्याच्या स्टँडवर, मांडवातल्या ट्यूबच्या उजेडात लांबून वाचता येतं, आणि ती खरी परीक्षा. मोठी करायची तर मांडणीच्या फाइलीत ‘स्केल’ वाढवायचा. हायकूवरून थेट प्रिंटर चालवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन महाद्वार रोडकडच्या झेरॉक्सवाल्याकडं जातो. त्याला फरक पडत नाही फाइल कुठून आली.

पट्टी बदलायला एबीसीटूएबीसी. मूळ चाल काळी पाचच्या पट्टीत लिहिलेली असेल तर त्याला ‘वजा टी दोन’ सांगायचं, दोन अर्धस्वर वर सरकतात आणि क्लॅरिनेट-कॉर्नेटचा कागद ‘सी’च्या पट्टीत येतो. ‘वजा टी नऊ’ सांगितलं की अल्टो सॅक्सोफोनचा कागद ‘जी’त. ‘के’ची ओळसुद्धा तोच बदलतो. छोटीशी शेल स्क्रिप्ट करून ठेवली आहे, मूळ फाइल दिली की तिन्ही पट्ट्यांचे पीडीएफ निघतात. माझं उतरवण्याचं काम संपलं आणि त्याबरोबर घसरलेल्या स्वराची सबबही संपली. आता चुकलं तर वाजवणाराच चुकला.

पहिला गठ्ठा मास्तरांसमोर ठेवला. मास्तर जुन्या पठडीतले, रेषांवरचं स्टाफ नोटेशन भरभर वाचतात. चष्मा लावून पानं उलटली.

“ह्ये छापील हाय, बेस हाय. पण पोरं काय वाचणार?”

“का मास्तर? शिकतील की.”

“कवा? लगीन तीन तारखेला हाय. खाली सारेगम लिव. आनि कोमलची रेघ मार, न्हाईतर समदी शुद्धच फुंकतील.”

बरोबर होतं त्यांचं. आमच्यातली निम्मी पोरं भातखंडे पद्धतीनं वाचतात: कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. म्हणजे रेषांखाली देवनागरी छापणं आलं. आणि या संचाची दुखरी जागा नेमकी तीच.

हायकूच्या स्वतःच्या खिडक्यांमध्ये देवनागरीची जुळणी होत नाही. अक्षरं दिसतात, नोटो फॉन्ट असतो, पण एकामागं एक नुसती मांडलेली. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी यायच्या ऐवजी मागं जाते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. ‘शिवशक्ती’ लिहिलं की ते वाचताना डोळे चोळावे लागतात. फाइलमध्ये मजकूर बरोबर असतो, पडद्यावर विस्कटलेला. क्यूटी या लायब्ररीवर बांधलेले एडिटर घेतले तर त्यांची जुळणीची यंत्रणा त्यांच्यासोबत येते, तिथं मराठी व्यवस्थित दिसतं. पण सिस्टिमच्या मूळ स्टाइल्डएडिट या एडिटरमध्ये, टर्मिनलमध्ये, फाइलींच्या नावांत नाही. मराठी माणसानं ही सिस्टिम रोजच्या वापराला घ्यावी असं मी म्हणत नाही त्याचं मुख्य कारण हे. जी सिस्टिम आवाजाची एवढी काळजी घेते तिनं निम्म्या आशियाची लिपी इतकी वर्षं ताटकळत ठेवावी, हे मला पटत नाही. स्वयंसेवकांचं काम आहे, मान्य. तरी खटकतंच.

छपाईतही अडचण तीच, पण तिथं वाटा आहेत. पोस्टस्क्रिप्टच्या नेहमीच्या फॉन्टांना देवनागरी ठाऊक नाही. एबीसीएमटूपीएस पँगो लायब्ररीसकट बांधला तर जुळणी पँगो करतो, पण पुढं तो फॉन्ट घोस्टस्क्रिप्टला सापडायला हवा, आणि ती खटपट वेगळी. दुसरी वाट सोपी आहे. ‘वजा मोठा एक्स’ सांगितलं की तो पोस्टस्क्रिप्टऐवजी एसव्हीजी चित्रं असलेली एकच वेबपानाची फाइल देतो. त्यात मराठी मजकूर जसाच्या तसा जातो आणि जुळणी उघडणारा ब्राउझर करतो. ती फाइल मी फोनवर पाठवतो, फोनच्या ब्राउझरमधून पीडीएफ करतो. लॅपटॉपवर बांधलेली चाल फोनवर शिजवून घ्यायची हे थोडं हास्यास्पद आहे, पण चालतं. फक्त मराठी शब्दांची रुंदी त्याला नीट कळत नाही, त्यामुळं स्वरांमधली जागा काही ठिकाणी जास्त सुटते.

सारेगमच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं आहे. सा, रे, ग, म, प, ध यांत एकही जोडाक्षर नाही आणि पहिली वेलांटीही नाही. उरला निषाद, तो ‘नी’ असा दीर्घ लिहायचा. म्हणजे जुळणी न करणारा पडदासुद्धा सारेगम जवळजवळ बरोबर दाखवतो. आणि कोमलच्या रेघेचं उत्तर मिळालं ते वेदांच्या पोथ्यांतून. युनिकोडच्या देवनागरीत वैदिक मंत्रांसाठी दोन खुणा आहेत. अनुदात्त म्हणजे अक्षराखाली आडवी रेघ, आणि उदात्ताच्या नावानं नोंदलेली दुसरी खूण म्हणजे अक्षरावर उभी रेघ. भातखंड्यांचा कोमल आणि तीव्र, दोन्ही आयते. रे॒, ग॒, ध॒, नी॒ आणि म॑. मंद्राला नुक्ता, ताराला अनुस्वार: सां. नोटो देवनागरीत या खुणा आहेत. मी एका फाइलीत सगळे स्वर टाइप करून ठेवलेत, तिथून उचलायचे.

ते स्वर बसवायचे एबीसीच्या छोट्या ‘डब्ल्यू’च्या ओळीत. ही ओळ खरं तर गाण्याच्या शब्दांसाठी. स्वरांच्या ओळीखाली लिहायची, जागा सोडली की पुढच्या स्वराखाली जाते. शब्द तोडायचा तर मध्ये आडवी रेघ, एक अक्षर पुढच्या स्वरावर लांबवायचं तर अंडरस्कोर, स्वर मोकळा सोडायचा तर तारका. भातखंडे पद्धतीत बोल लांबवायला अवग्रह घालतो ना, तेच काम अंडरस्कोर करतो. दोन ‘डब्ल्यू’ ओळी एकाखाली एक दिल्या तर वरच्या ओळीत सारेगम, खालच्या ओळीत शब्द. मास्तर रेषा वाचतात, पोरं सारेगम वाचतात, गाणारा शब्द वाचतो, आणि तिघं एकाच कागदावर बघतात. एवढ्यासाठी मी या संचाला बाकी बरंच माफ करायला तयार आहे. पुढच्या गठ्ठ्यात मास्तरांनी कोमल गंधाराखाली बोट फिरवलं आणि फक्त “हां” म्हणाले. त्यांच्याकडून ती मोठी पावती.

ऐकण्याचा भाग लवकर उरकतो. एबीसीटूमिडीनं मिडी फाइल निघते, हायकूबरोबर येणाऱ्या मिडीप्लेअरच्या खिडकीत ती ओढून टाकायची. आवाज साउंडफॉन्टवर, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचे नमुने असलेल्या फाइलीवर अवलंबून. फाइलमध्ये मिडी प्रोग्रामचा आकडा देता येतो, शून्यापासून मोजून ७१ म्हणजे क्लॅरिनेट, ५६ म्हणजे ट्रम्पेट, आणि पेटीच्या जवळचा २०, रीड ऑर्गन. ढोलकी नाही, हलगीचा तर प्रश्नच नाही. तालवाद्यांत ६० उंच बोंगो आणि ६१ खालचा बोंगो घेऊन मी केरव्याचा ठेका बांधलाय. तो ऐकून आमच्या ढोलकीवाल्याची नोकरी सुरक्षित आहे हे त्याच्या लक्षात आलं. पण चाल तपासायला हे फार उपयोगी. चुकीचा स्वर कागदावर लपतो, कानाला लगेच टोचतो. घरी रात्री हेडफोन लावून तपासता येतं, शेजारी क्लॅरिनेट ऐकत बसत नाहीत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिनक्सवर नेत नाही, ती. हायकूच्या फाइल सिस्टिममध्ये कुठल्याही फाइलीला आपण स्वतःची माहिती चिकटवू शकतो. मी एबीसी फाइलींसाठी चार रकाने केले: राग किंवा धुनेचा प्रकार, ताल, मूळ पट्टी, आणि प्रसंग. प्रसंगात ‘वरात’, ‘हळद’, ‘आरती’, ‘मिरवणूक’ असं काही. फाइलटाइप्सच्या सेटिंगमध्ये एबीसीच्या प्रकाराला हे रकाने जोडले की ट्रॅकरच्या, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत ते नावाशेजारी दिसतात, तिथंच क्लिक करून भरता येतात, त्यावर क्रम लावता येतो. वेगळा डेटाबेस नाही, एक्सेल नाही. मग शोधायचं: प्रसंग वरात, ताल दादरा, पट्टी काळी पाच. यादी समोर येते, आणि ती शोध म्हणून साठवून ठेवली तर नवीन फाइल आली की तीही आपोआप त्यात दिसते.

यात एक नियम पाळावा लागतो. ज्या रकान्यावर शोधायचं त्याची अनुक्रमणिका आधी तयार करायची, एमकेइंडेक्स नावाची आज्ञा आहे. अनुक्रमणिका करण्याआधी भरलेल्या फाइली शोधात येत नाहीत, त्यांचा रकाना पुन्हा लिहावा लागतो. दुसरं, ही चिकटवलेली माहिती हायकूच्या फाइल सिस्टिमवरच राहते. पेन ड्राइव्ह फॅट या साध्या फाइल सिस्टिमचा असेल तर फाइल जाते, रकाने मागं राहतात. म्हणून बॅकअप घेताना झिप करून घ्यायचं, हायकूची झिप हे रकाने सोबत ठेवते. आणि रकान्यांत मी मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो. कारण वर सांगितलंच.

मास्तरांच्या जुन्या वह्यांतल्या चाली मी अशा उतरवत चाललोय. काही पानांवर तेलाचे डाग आहेत, काही चालींना नावच नाही, नुसतं ‘पाटलांच्या लग्नातली’. तेही प्रसंगाच्या रकान्यात जातं. शोधलं की सापडतं.

लोक विचारतात, लिलीपाँड हा नोटेशन छापणारा दुसरा फुकट प्रोग्राम का नाही? लिलीपाँडची छपाई याहून देखणी आहे, वाद नाही. १९९६ पासून हान-वेन निन्हाउस आणि यान निउवेनहाउझेन यांनी उभं केलेलं काम आहे, छापील पुस्तकाच्या तोडीचं. पण ते बांधायला गाइल लागतं, पँगो लागतो, पायथन लागतं, फॉन्ट घडवायला मेटाफॉन्ट आणि फॉन्टफोर्ज लागतं. यातलं एक जरी अर्धवट असलं तरी गाडी अडते. जिथं एबीसीएमटूपीएस एका मेकमध्ये उभा राहतो तिथं हा पसारा मांडायची माझी तयारी नाही. ज्याला ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर छापायचा आहे त्यानं लिनक्स घ्यावं, त्यावर लिलीपाँड घ्यावं, आणि सुखी राहावं. बँडच्या दोन पानी चालीला ते म्हणजे उगाच.

गुण द्यायचेच तर एबीसी आणि तिची तीन साधनं दहापैकी नऊ, एक गुण मींडेसाठी राखून. हायकू सात. मराठी जुळणी आली तर नऊ करीन.

कुणाला करून बघायचं असेल तर लगेच इन्स्टॉल करू नका. हायकू पेन ड्राइव्हवरून तशीच चालते. आधी आपल्या लॅपटॉपचा आवाज येतो का आणि वायफाय पकडतं का ते तिथूनच बघा, कारण जुन्या मशीनवर अडलं तर याच दोन ठिकाणी अडतं. आवाज आला तर पुढचं सगळं जमेल. वायफाय नसेल तर पॅकेजं दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हनं आणली तरी चालतात. आमच्या तालमीच्या खोलीत तसंच चाललंय.